कागदावर नसलेला नाला

तीन आठवडे झाले. शिंदखेड्याच्या बाजारात मेथीची जुडी बघत होते, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, आबा गेले..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

दगाजी आबा आधी प्राथमिक शिक्षक, मग जिल्हा परिषदेत शिक्षण सभापती, पुढे आमदार आणि शेवटी शिक्षण खात्याचे राज्यमंत्री. भाषण त्यांना कधीच जमलं नाही. शाळेत शिरले की हारतुरे बाजूला ठेवून मुलांच्या वह्या उघडायचे.

ते मंत्री असतानाच कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा आदेश निघाला. सही त्यांचीच. त्यात माझी वस्तीवरची शाळा गेली. मी तडक देवपूरला त्यांच्या घरी गेले. "आबा, माझ्या अकरा मुली घरी बसल्यात. तुमच्या सहीने." आबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो. कोणाला सांगू नका."

खरंच आले, एकटेच. मी त्यांना आधी सुनीताच्या घरी नेलं, माझ्या वर्गातली ती सगळ्यात हुशार मुलगी. तिची आई शेणाच्या हातांनीच बाहेर आली. "पोर घर शे, आबा. नाला भरस तव्हय कोन धाडी तिले?" मुलींना आता नाल्यापलीकडची शाळा नेमून दिली होती. आबा त्या नव्या शाळेच्या वाटेला लागले, मी मागोमाग. नाल्याला मांडीपर्यंत पाणी होतं. पलीकडे पोचल्यावर धोतर पिळत ते हळूच म्हणाले, "बाई, कागदावर हा नाला नव्हता हो..."

पुढच्या अधिवेशनात त्यांनी उभं राहून सांगितलं, "चूक माझी आहे." आमच्या तालुक्यातल्या शाळा उघडल्या. सातपुड्याकडच्या पुष्कळ मात्र बंदच राहिल्या. ती खंत त्यांना शेवटपर्यंत होती. पक्षातल्यांना ते बोलणं झोंबलं. पुन्हा तिकीट मिळालं नाही. सुनीता आज धुळ्यात नर्स आहे. मला फोन केला तो तिनेच.

परवा देवपूरला गेले होते. शिक्षक दारात दिसला की आबा उठून उभे राहायचे, मंत्री असतानाही. मला फार संकोच वाटायचा. आता त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, एकट्याच बसल्या होत्या. मला पाहिलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंतीला धरून उठू लागल्या.

"अक्का, बसा ना..."

"नाही बाई," त्या म्हणाल्या, "या घरात असंच आहे."