गांगुर्डे मॅडमनी खोडलेला शब्द

प्रा. इंदुमती गांगुर्डे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती पाठमोरी. नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.चा पहिलाच तास होता. मॅडम आल्या, फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पूर्ण तासभर त्यांनी फळ्यालाच शिकवले. शेवटी हजेरी घेतली, तीही नावांनी नव्हे, नुसत्या नंबरांनी. माझ्या मैत्रिणीच्या एकोणनव्वदला "मूळ संख्या. छान." अशी दाद मिळाली. मी नामपूरहून नुकतीच आलेली आणि तोंडाळ. लगेच म्हणाले, "मॅडम, माझाही मूळच आहे. एक्याण्णव!"

"नाही. तेरा साती एक्याण्णव. बसा."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत, त्यांनी फक्त चूक दुरुस्त केली होती. आज मी स्वतः गणित शिकवता शिकवता केस पांढरे केले आहेत, तरी त्यांच्यासाठी मी एक्याण्णवच आहे.

ओझरच्या कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी. घरात दोन खोल्या आणि माणसे सात. तिथे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून त्यांनी अभ्यास केला आणि संख्या सिद्धांतात पीएच.डी. मिळवली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती मुली आज गणित शिकवत आहेत, हे त्यांच्या या गौरवग्रंथाची अनुक्रमणिका पाहिली तरी कळेल.

वडील आजारी पडले म्हणून मी शिक्षण सोडून नामपूरला परतले, तेव्हा दर मंगळवारी मॅडमचे पोस्टकार्ड येई. त्यावर एकच गणित. 'कशा आहात' नाही, 'काळजी घ्या' नाही. मला तेव्हा फार लागले होते. पण सात महिन्यांत एकही मंगळवार चुकला नाही, आणि त्या गणितांच्या जोरावरच मी परीक्षेला बसले.

माझ्या लग्नाला तर त्या आदल्या दिवशीच आल्या! मांडव रिकामा, खुर्च्या अजून टेम्पोत. मी धावत बाहेर गेले. "मॅडम, लग्न उद्या आहे."

"माहीत आहे. उद्या बँड असेल," त्या म्हणाल्या. रिकाम्या मांडवात दहा मिनिटे शांत बसल्या, माझ्या हातात एक कोरी वही आणि पेन ठेवले आणि परतीची एसटी पकडली. माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "हाई कशी वं बाई? लगीन सकाय शे नि आजच उनी!" मलाही राग आला होता, तो इथे कबूल करते.

त्या वागण्याचा उलगडा झाला तो मॅडमच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्यांनी आपल्या भाचीच्या मुलीला तपासणीसाठी गंगापूर रोडवर एका तज्ज्ञांकडे नेले होते. तिथला प्रश्नांचा फॉर्म वाचता वाचता मॅडम मनातल्या मनात स्वतःचीच उत्तरे भरू लागल्या. पुढे त्यांनी स्वतःचीही रीतसर तपासणी करून घेतली आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"एक्याण्णव, सिद्धता सापडली! मी स्वमग्न आहे. ऑटिस्टिक. जन्मापासून. गृहीतकच चुकलं होतं हो. मी वाईट माणूस आहे, असं धरून चालले होते मी."

मी रडू लागले. त्या म्हणाल्या, "रडताय कशाला? उत्तर बरोबर आलंय."

आणि तरीही चूक केली ती मीच. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले, 'थोर गणितज्ञांप्रमाणे मॅडमही काहीशा विक्षिप्त.' खर्डा त्यांना दाखवला. 'काहीशा'वर त्यांनी लिहिले, 'म्हणजे किती?' आणि 'विक्षिप्त' खोडून वर लाल शाईत 'स्वमग्न'.

"माझ्या कपाटात गणितज्ञांची चरित्रंच चरित्रं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना विक्षिप्त म्हणून माफ करतात, कारण त्यांना प्रमेयं सुचली. ज्यांना एकही सुचलं नाही त्यांनी काय करायचं? स्वमग्न माणूस गणिती असतोच असं नाही, आणि व्यत्यासही खरा नाही. पण मी दोन्ही आहे. तो शब्द नसेल तर ग्रंथ नको."

गौरव समितीत खडाजंगी झाली. आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "अहो, हा गौरवग्रंथ आहे, दवाखान्याची फाइल नव्हे!" पाने छपाईला जायची होती आणि ग्रंथच बारगळतो की काय, या धास्तीने माझी झोप उडाली. मग मॅडमची चार ओळींची चिठ्ठी आली: 'लोकांनी मला शिष्ट मानले. ते असत्य आहे. असत्य गृहीतकावर केलेला गौरव सिद्ध होत नाही. म्हणून शब्द ठेवावा.'

ज्येष्ठ प्राध्यापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "स्टाफरूममध्ये बावीस वर्षं मीच यांना शिष्ट म्हणत होतो," ते हळूच म्हणाले. "छापा."

सत्कार रविवारी आहे, म्हणजे मॅडम अर्थातच शनिवारी येणार! सभागृह रिकामे असेल, माइक बंद असेल. शाल नाही, हार नाही, पाया पडणे नाही. मी हा ग्रंथ टेबलावर ठेवीन, आणि मॅडम सर्वांत आधी हेच पान उघडून शब्द जागेवर आहे ना, ते पाहतील.

आहे, मॅडम. तुम्ही लिहिला तिथेच आहे. आणि तो छापताना मला तुमचा केवढा अभिमान वाटला, हेही इथे लिहून ठेवते, कारण समोर बोलले तर तुम्ही खिडकीबाहेर पाहाल.

शतायुषी व्हा, असे म्हणणार होते. पण शंभराचे अवयव तुम्ही वाक्य संपायच्या आत पाडाल. म्हणून एकशे एक वर्षे मागते. निरोगी, शांत आणि बँडविरहित एकशे एक. मूळ संख्या आहे, मॅडम. या वेळी मी तपासून घेतली आहे.