जर्सीवरचा वाघ

कल्हईवाल्या जाफरला सांगलीत त्याच्या तोंडावरून फारसं कुणी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते त्याच्या वाघाला. लेक तापानं फणफणली तेव्हा रहिमतबीनं, त्याच्या बायकोनं, पीराला नवस बोलला होता. पोर वाचली. तेव्हापासून दर मोहरमात जाफर अंगभर पिवळेकाळे पट्टे रंगवून ताशावर नाचायचा. तो गुरगुरत पुढं आला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

एकाहत्तर साली कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन दादासो त्याच्या गल्लीत आला. टीमला तेव्हा निशाण असं नव्हतंच. कॉलेजच्या बिल्ल्यावर समई होती. आता समईच्या नावानं मैदानात आरोळी कशी ठोकायची? समोरची पोरं "फुंकर मारा रं!" म्हणून चिडवायची.

"जाफरभाई, साताऱ्याला फायनल हाय," दादासो म्हणाला. "तुमी वाघ होऊन या. जिंकलो तर समद्या कॉलेजापुढं तुमचं नाव घेतो."

जाफर तिथंच फसला. नवसाचा वाघ मोहरमाबाहेर काढायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जन्मभर दुसऱ्यांची भांडी उजळणाऱ्या माणसाला आपलं नाव एकदा उजळावंसं वाटलं, तर त्याला काय म्हणावं?

"आवं, पीर कोपंल," रहिमतबी म्हणाली.

"नाव घेणार हाईत गं," एवढंच तो म्हणाला.

साताऱ्याची थंडी, उघडं अंग, त्यावर ऑइलपेंट. जाफर दात वाजवत मैदानाच्या कडेनं नाचला. टीम एका गोलनं मागं होती. तो डरकाळ्या फोडत राहिला आणि पोरं पेटली. जिंकल्यावर त्यांनी वाघाला खांद्यावर घेतलं, फोटो काढला, आणि गुलालात न्हालेला ट्रक त्याला मैदानातच विसरून सांगलीला निघून गेला. रॉकेलनं रंग काढताना त्याच्या पाठीची साल निघाली. पुढं परीक्षा आल्या, पोरं पांगली. नाव कुणी घेतलं नाही.

त्या मोहरमात जाणत्या मंडळींनी त्याला ताशाजवळ उभंही केलं नाही. "चेंडूमागं नाचलेला वाघ आमाला नगं," ते म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? जाफर धड इकडचा राहिला नाही, धड तिकडचा.

कॉलेजनं मात्र समई विझवली आणि जर्सीवर वाघ छापला. रस्त्यात एखादा पोरगा ती जर्सी घालून दिसला की जाफर भाता सोडून बघत बसायचा. "त्यो मीच हाय," असं बायकोला सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकोणऐंशी साली रिक्षाच्या भोंग्यातून त्याला कळलं, की जुन्या टीमचा सत्कार आहे. ईदचा सदरा घालून तो गेला आणि मागच्या बाकावर बसला. काचेच्या कपाटात जुनी जर्सी, सोललेला चेंडू, बूट, आणि वाघासकट तो फोटो मांडला होता. दादासो आता साखर कारखान्याचा संचालक झाला होता. त्यानं माइक धरला.

"आमचा खरा वाघ म्हणजे जाफरभाई कल्हईवाले!"

जाफरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुर्दैवानं आज ते आपल्यात नाहीत. दोन मिनिटं उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

गल्ली कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर होती. पण चौकशीला जायचं तर साहेबाच्या बुटाला चिखल लागला असता. त्यापेक्षा माणूस मारणं सोपं. सगळं सभागृह उठलं. सगळे उठले म्हणून जाफरही उठला आणि मान खाली घालून उभा राहिला.

कार्यक्रमानंतर त्यानं दादासोला स्टेजमागं गाठलं. "दादासो, मी जाफर. हाय की अजून."

दादासोनं ओळखलं. चेहरा पडला, मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "जाफरभाई, आता ऱ्हाऊ द्या. एवढ्या लोकांनी उठून मान दिलाय तुमाला. आता सांगितलं तर माझं हसं हुईल, तुमचंबी हुईल."

घरी रहिमतबी दारातच उभी होती. "घेतलं का नाव?"

"घेतलं."

"मग? लोक काय म्हनले?"

"समदे उठून उभं ऱ्हायले."

रहिमतबीचा ऊर भरून आला. तिनं डब्यातली होती नव्हती ती साखर काढली आणि गल्लीत घरोघरी वाटून आली. शेजारणीनं जाफरच्याही हातावर चिमूटभर ठेवली. त्यानं ती खाल्ली.