तपासलेल्या बावीची चौकशी करायला घाट चढले

नात म्हणते, आजी, तू बोल, मी ब्लॉगवर टाकते. मला अक्षर येत नाही, पण तोंड चालतं, तेव्हा ऐका.

आंबोलीला आता सगळे धबधबे बघायला जातात. मी तो घाट पहिल्यांदा चढले तो भांडायला. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मालवणजवळच्या आमच्या वाडीत डोळे पिवळे करणारा ताप आला होता. घाटावरच्या शहरातल्या मेडिकल कॉलेजची माणसं आली, आमचं रक्त काढलं, आमच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी बाटल्यांत भरलं, शहाळी प्यायली नि गेली. पुढे निरोप नाही. म्हणजे पाणी चांगलं, असं आम्ही धरलं. झाली ती 'तपासलेली बाव'! वरच्या वाडीतल्या बायका आपापल्या विहिरी सोडून तिथे यायला लागल्या. त्यांतली सावित्री, पोटुशी पोर, तापाने गेली. माझी लेक शालूही बाळंतपणाला आलेली. तिला मी मुद्दाम त्याच बावीचं पाणी देत होते.

ताप काही थांबेना. जाऊबाई सुंदराला म्हटलं, "चल गो, औषध इचारून येवया."

"थंय आपणांक कोण इचारतलो?"

"इचारूक आपणच जातंव मगे!"

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. होडीने पलीकडे, एस.टी.ने सावंतवाडी, तिथे गाडी बदलून घाट. शिदोरीत घावणे आणि सुक्या बांगड्याची चटणी. वळणं सुरू झाली तशी सुंदरा पांढरीफटक पडली आणि चटणीच्या वासाने बाकीची गाडीही. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते गाठोडं बांधा, नाहीतर मी उतरतो." आंबोलीला धुकं असं, की चहावाल्याचा हात दिसे, चहावाला नाही. जाल तर गरम भजी खा आणि अंगावर घ्यायला जाड काहीतरी न्या. शहरात मुक्काम धर्मशाळेत, ढेकूण फुकट.

सकाळी कॉलेजात एक साहेब दुसऱ्याकडे पाठवी, दुसरा तिसऱ्याकडे. "अर्ज आणलाय का?" "उद्या या." माझं डोकं फिरलं. आमच्याकडे देवळात एकजण देवाला गाऱ्हाणं घालतो, बाकीचे होकार देतात. तो मान पुरुषांचा. पण इथे कोण मानकरी बसलाय? पदर खोचून व्हरांड्यात उभी राहिले.

"बा कॉलेजच्या म्हाराजा! तुझी माणसां आमचा रगत घेवन गेली, बावीचा पाणी घेवन गेली..."

"व्हय म्हाराजा!" सुंदरा ओरडली.

"आमची सावित्री गेली, तरी तुझ्या तोंडातसून शब्द नाय!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज दोन आले. मागे टाय लावलेले एक प्रोफेसर, स्वतःच दचकलेले. वेंगुर्ल्याचे निघाले.

"खंयची गो तू, बाये?" मी गाव सांगितला तसा त्यांचा चेहरा उतरला. "त्या बावीचा पाणी वायट आसा. ताप थंयसूनच येता. आमका दिवाळीतच कळला."

"सावित्री शिमग्यात गेली," मी म्हटलं. "सांगलास कोणाक?"

"दिल्लीच्या परिषदेत निष्कर्ष मांडले होते," ते म्हणाले. एवढंच मात्र शुद्ध मराठीत!

परतताना घाट कसा उतरला, विचारू नका. शालू आत्ता तेच पाणी पीत असेल, एवढंच डोक्यात. घरी आल्याआल्या कळशी अंगणात उपडी केली, चूल पेटवून दुसऱ्या विहिरीचं पाणी उकळत ठेवलं. शालू वाचली, तिचं बाळही. ते आमचं नशीब, कॉलेजचं श्रेय नव्हे.

त्याच आठवड्यात प्रोफेसर विद्यार्थ्यांना घेऊन आले. बावीत घाण कुठून झिरपते ते दाखवलं, घरोघर फिरून पाणी उकळायला शिकवलं, सगळं मालवणीत. ताप हटला. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? पण सावित्रीची सासू उठलीच. "झिला, ह्यां सांगूक तुका एक दीस लागलो. मगे दिवाळीत खंय हुतंस?"

घाट देखणा आहे, जरूर जा. माझ्याबरोबर मात्र तिथून राग तेवढा आला, तो अजून घरातच आहे. नवा ताप उठला की आजही विद्यापीठातली मुलं वाडीत येतात, गोड बोलून रक्तासाठी दंड पुढे करायला सांगतात. मी म्हणते, "काय कळला तां माका सांगूक कोण येतलो? नाव सांग त्याचा." नाव कळेपर्यंत सुई बाजूला.