पित्ताचं अपील

“डकार मारके दिखाओ.”

टेबलामागे तिघं बसले होते. मधला साहेब बोलला. डॉक्टर होता, खांद्यावर मोठा हुद्दा होता. मी समोर उभा. सावधान. टेबलाजवळ चौथी खुर्ची होती, तिच्यावर साहेबाची टोपी ठेवलेली. फौजेतून निघताना माझ्या आजाराचा नोकरीशी काही संबंध नाही असं कागदावर आलं आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. मी अपील केलं, म्हणून या मेडिकल बोर्डापुढे बोलावणं आलं होतं.

आजार म्हणजे पित्त. पोटातलं आम्ल उलटं वर चढतं आणि घसा जाळतं. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा अन्ननलिकेला आतून जखमा दिसल्या. तो रिपोर्ट टेबलावरच होता. कोणी उघडला नाही.

आणि मी ढेकर दिला. सांगताना आजही तोंड कडू होतं. सतरा वर्षं हुकूम पाळलेलं शरीर, त्याने मला विचारलंच नाही. हवा गिळली, ढेकर काढला, त्याबरोबर आंबट पाणी तोंडात आलं. थुंकायला जागा नव्हती. परत गिळलं. तिघं हसले. बाजूचा म्हणाला, “मिर्ची कम खाया करो.” मी म्हणालो, “थँक यू, सर.”

त्यांची किळस आली हे खरं. पण जास्त आली ती माझी.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“त्याच्यावर थँक यू म्हणालात? त्यांना काय ढेकर येत नाय?”

आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहतो. पावसाळ्यात नदी घरात शिरते, म्हणून इथे लोक खाटेच्या चारही पायांखाली विटा लावतात. आमच्या खाटेला बारा महिने विटा असतात, त्याही फक्त उशाकडच्या दोन पायांखाली. सपाट झोपलो की आम्ल घशात येतं. शेजारी विचारतात, तुमच्याकडे पूर अर्धाच येतो का? मीही हसतो. पित्त कुणाला नसतं, असं सगळेच म्हणतात.

महिन्याभरात बोर्डाचं उत्तर आलं. नामंजूर. कारण एका ओळीचं: शेवटचं वर्ष सोडता नोकरीच्या काळात या आजारावर उपचार घेतल्याची नोंद नाही.

नोंद नाही, हे खरंच आहे. मी सिक रिपोर्टला कधी गेलो नाही. सिक रिपोर्ट म्हणजे सकाळी आजारी म्हणून नाव लिहून दवाखान्यात जायचं. ते नाव अख्ख्या कंपनीसमोर पुकारलं जायचं. आमचे साहेब म्हणायचे, सिक रिपोर्टवाला आधा मर्द. आणि तब्येतीची मेडिकल कॅटेगरी उतरली की बढती अडकते, हे तर प्रत्येकाला पाठ. मला हवालदाराची तिसरी फीत हवी होती. वर बर्फात बंकरमध्ये रॉकेलचा धूर, डब्यातलं जेवण, तेही ड्युटीप्रमाणे कधीही. गुडघे सुजायचे, मग रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी. छाती जळायला लागली की मी नर्सिंग असिस्टंटकडे मागच्या दाराने जायचो. तो रजिस्टर न उघडता मूठभर गुलाबी गोळ्या हातावर ठेवायचा. त्याला वाटे तो माझ्यावर उपकार करतोय. मलाही तसंच वाटे. शेवटच्या वर्षी उलटीतून रक्त पडलं, तेव्हा कुठे माझं पोट कागदावर आलं.

आता मी पालेगावच्या एका टॉवरला गेटवर आहे. अकराव्या मजल्यावर एक रिटायर्ड साहेब राहतात. माझ्या पलटणीचे नाहीत. पण त्यांची गाडी आली की मी सलाम ठोकायचो, तेही काच खाली न करता मान हलवायचे. मी फौजी आहे हे कळल्यावर म्हणाले, फाइल घेऊन ये, बघतो. मी सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बूट दाराबाहेर काढले. त्यांनी सोफ्यावर बसून फाइल चाळली आणि मी उभा राहून त्यांचा चेहरा बघत राहिलो.

ते हसायला लागले. वाईट हेतूने नाही, ते जास्त वाईट होतं.

म्हणाले, हे तर माझंच दुखणं. मला पहिल्यांदा जळजळ झाली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन नोंद करून ठेवली. दर पोस्टिंगला नोंद. निघताना बोर्डाने प्रश्नसुद्धा विचारला नाही, सगळं मंजूर. मग फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

“तुम्हा लोकांना कागद सांभाळता येत नाहीत. आता सोड. पित्तासाठी फौजी माणसाने हात पसरायचा नसतो.”

मी तिथेच उभा होतो. पायाखाली गालिचा, पायात मोजे, एकाला भोक. आणि एकदम सगळं लख्ख दिसलं. आम्हाला मर्दपणा शिकवणारे स्वतः नावं लिहून येत होते. आजार एकच, रजिस्टर तेच. आमच्या पानावर लाज आणि त्यांच्या पानावर सही.

“साहेब,” मी म्हणालो, “तुम्ही मागितलं तेव्हा तो हक्क होता ना?”

ते म्हणाले, तू खाली गेटवर जा. मी म्हटलं, आज माझी सुट्टी आहे. फाइल उचलली, बूट घातले, लेस सावकाश बांधल्या. त्या दिवसापासून त्यांची गाडी आली की मी गेट उघडतो. हात वर जात नाही.

दुसरं अपील टाइप करायला उल्हासनगरला गेलो. कचेरीबाहेर एक म्हातारे सिंधी काका टायपिंगला बसतात. चांगला माणूस. मी सांगत गेलो, ते बडवत गेले. गुलाबी गोळ्या, मागचं दार, आधा मर्द, सगळं. बोर्डातल्या ढेकरापर्यंत आलो तेव्हा त्यांची बोटं थांबली.

“साईं, ये डकारवाली बात मत लिखवाओ. अच्छा नहीं लगता.”

“काका, लिखो. मुझे भी अच्छा नहीं लगा था.”

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं. त्या नर्सिंग असिस्टंटला मी शोधून काढलंय. रिटायर झालाय, आपल्या गावी असतो. फोनवर म्हणाला, प्रतिज्ञापत्र देतो. मी आजार लपवला, हे मी स्वतःच पहिल्या परिच्छेदात कबूल केलंय. कुणाच्या भीतीने लपवला, तेही खाली लिहिलंय.

हेही नामंजूर होईल कदाचित. मग त्याच्या वरच्या दारात जाईन. पण बोर्डापुढे पुन्हा बोलावतील तेव्हा पोट आधी दाखवणार नाही, ढेकर तर नाहीच. सावधानही नाही. आधी टेबलाजवळची खुर्ची बघेन. तिच्यावर टोपी असली तर म्हणेन, साहेब, टोपी उचला, मला बसायचंय.