पुठ्ठ्याआडचे फासे

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या त्या माणसाचा चेहरा म्हणजे बंद दुकान. हाडाचे दोन तुकडे समोर स्वच्छ दिसत असले, तरी पेशंटला तो एवढंच सांगायचा, डॉक्टर बघतील. नियमच तसा होता, आणि त्याच्या स्वभावाला तो चांगला मानवला होता.

रविवारी दुपारी मात्र गडी सुटायचा. जेवणाचं टेबल पुसून घेतलं की त्याच्या घरी खेळ मांडला जायचा. प्रत्येकाने कागदावर आपला एक माणूस रचायचा, त्याला हत्यार द्यायचं, अंगात किती प्राण ते आकड्यात लिहायचं. गोष्ट मास्तरने सांगायची. मास्तर अर्थात हाच. दरोडेखोर, लांडगे, राक्षस, सगळ्यांच्या वतीने फासे टाकायचे तेही यानेच, समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड. घाव किती खोल गेला ते फासे ठरवणार आणि आकडा हा सांगणार.

खेळायला गाडी शिकवणारा एक मित्र यायचा, त्याला सगळे क्लच म्हणत, त्याची बायको यायची, आणि वहिनी. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी घराबाहेर पडेना, म्हणून यानेच आग्रह करकरून तिला बसवलं होतं. या वयात कसली भातुकली, असं म्हणत ती आली, आणि तिने कागदावर रचलेल्या ढालकरणीने बघता बघता टेबलावर जम बसवला.

क्लचची नेहमीची कुरकुर असे, की जगातले सगळे बाण आपल्याच पाठीत कसे घुसतात? ढालकरीण सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि तिला नुसतं खरचटतं.

त्या रविवारी पुलावर राक्षसाने गदा उचलली. फासे पुठ्ठ्याआड खुळखुळले. मास्तरने ते पाहिले आणि सहज विचारलं, "वहिनी, प्राण किती उरलेत?"

वहिनीने पेन्सिल खाली ठेवली.

"भाऊजी, आधी आकडा सांगा."

तो हसण्यावारी न्यायला लागला. वहिनी हसली नाही.

"क्लचला तुम्ही सरळ आकडा सांगता. मला मात्र आधी किती उरलेत ते विचारता, मग त्यात बसेल एवढाच मार देता. तुमच्या भावाच्या वेळीही हेच केलंत. फोटो तुम्ही काढलात, छाती तुम्ही पाहिलीत, आणि मला म्हणालात, घाबरण्यासारखं नाही. मला कळलं असतं तर त्यांच्याशी दोन गोष्टी बोलून घेतल्या असत्या. इथंही तसंच चालणार असेल, तर मी उठते. परत बोलावू नका."

क्लचची बायको कपाकडे बघत राहिली. क्लचला बोलायचं होतं, पण तिने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

त्या वेळी तुम्हाला झेपणार नाही असं वाटलं, एवढं मास्तर पुटपुटला. मग त्याने पुठ्ठा आडवा केला. फासे होते तसेच पडले होते.

"बारा," तो म्हणाला.

वहिनीच्या कागदावर नऊ होते. तिने दोनदा वजाबाकी केली.

क्लचने लगेच तोडगा काढला. ढालकरीण नुसती बेशुद्ध आहे म्हणू, आपल्याकडे औषधाची कुपी आहे.

"गप रे तू," वहिनी म्हणाली. "गेली म्हणजे गेली." आणि मास्तरकडे वळली. "जायच्या आधी तिला बोलता येतं का?"

नियमात तसं काही नव्हतं. मास्तर म्हणाला, येतं.

मग वहिनी सावकाश बोलत राहिली. ढाल क्लचने घ्यायची, पण आधी तिचा पट्टा बदलायचा. घोडा विकायचा नाही. तो डाव्या बाजूने बुजतो, म्हणून उजवीकडून जायचं. गावी म्हातारा बाप आहे, त्याला कुणीतरी स्वतः जाऊन सांगायचं, निरोप धाडायचा नाही. आवाज मध्येच चिरकला, तेव्हा ती थांबली, नाक पुसलं आणि घोड्याच्या वैरणीचं सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं.

राक्षस पुलावर तसाच गदा धरून उभा होता. मास्तरने त्याला हलवला नाही.