बॉनेटवरचा पांढुरका डाग

नव्या गाडीची शिंगणापूरला पूजा केली, तेव्हा बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नंतर त्याचा लाल डाग निघेना, म्हणून मी गुपचूप तिचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन घासलं. डागाबरोबर रंगही गेला. त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाने गाडी धुतली होती.

“घासणीनं घासली असणार त्यानं,” बायको म्हणाली. मी गप्प बसलो.

भाऊबीजेला तो गाडीपासून लांबच उभा राहिला. “न्हाई ताई, मी हात लावत न्हाई. परत माझंच नाव यायचं.”

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. भाऊ हसला. बायको हसली नाही. हल्ली मी काहीही सांगितलं, की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, “खरं ना?”