बंड्याची तिरकी मान

शेजारच्या सावंतकाकांचा कुत्रा, बंड्या, खाताना मान तिरकी करतो. घरात त्याचं भारी कौतुक. "बघा, कसा लाडात येऊन खातो!" असं म्हणत काकू पाहुण्यांना दाखवतात. परवा माझ्या पायाशी बसून त्यानं मोठी जांभई दिली आणि मला त्याची वरची दाढ दिसली. उभी चिरलेली, आत लालभडक ठिपका. कसले लाड आणि कसलं काय! ते बिचारं दुखरी बाजू चुकवत होतं.

मीच मागे लागून त्याला डॉक्टरांकडे न्यायला लावलं. हाड चावून दाढ फुटली होती, नस उघडी पडली होती. काढावीच लागली. "पण जेवत होता की व्यवस्थित!" काका म्हणाले. जेवेल नाही तर काय करेल? आपली दाढ ठणकली की आपण घर डोक्यावर घेतो, मऊ भात मागतो. त्यानं कुणाकडे मागायचा?

मला चीड येते ती आपल्या या प्रेमाची. रविवारी मटणाची नळी ताटावर आपटून आतला मगज आपण चोखायचा, उरलेलं दगडासारखं हाड त्याच्यापुढे टाकायचं आणि वर म्हणायचं, आमचा त्याच्यावर फार जीव!

दाढ काढल्यानंतरचा पहिलाच रविवार. काकांनी चोखलेली नळी बंड्यापुढे धरली आणि मी ओरडलोच, "अहो, त्याची दाढ काढलीय ना!"

"एकाच बाजूची काढलीय," काका तोंडातली कवळी सावरत म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं चावेल की."